बाबांची पंच्याहत्तरी आणि सवाई: दिवसभराचा बेत नको, एक गाणं पूर्ण ऐका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबांना डिसेंबरात पंच्याहत्तर पूर्ण होतायत. पुण्यात नोकरीला होते तेव्हा त्यांनी रमणबाग शाळेच्या मैदानावर बसून रात्र रात्र सवाई, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सव, ऐकलंय. नाशिकला स्थायिक झाल्यापासून मात्र वीसेक वर्षांत एकदाही जमलेलं नाही. हॉल घेऊन पंगती उठवण्याऐवजी सगळ्यांनी मिळून त्यांना सवाईला न्यावं असं तुमच्या मनात आहे. सोबत गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आई, तुम्ही दोघं, चौदा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी. बाबा सोडले तर गाण्यातलं कुणालाच फारसं कळत नाही. मुलं कंटाळली, चुळबुळ करायला लागली तर बाबांचाच विरस होईल ही तुमची धास्ती. शिवाय कलाकाराला सांगून बाबांसाठी काही खास गाऊन घेता येईल का, हेही तुम्ही विचारलंय.

न्या. नक्की न्या. मी चौतीस वर्षं गाणं शिकवते आहे. सवाईच्या मांडवात श्रोता म्हणून बसले आहे आणि शिकत असताना तानपुरा घेऊन मंचावरही बसले आहे. त्या अनुभवावरून सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगते. दिवसभराचं गाणं ऐकायला जाऊ नका, एका कलाकाराचं एक गाणं ऐकायला जा. ते तानपुरा जुळवण्यापासून शेवटच्या टाळीपर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून ऐका. त्याआधी किंवा नंतर जे कानावर पडेल ते वरकड समजा.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते, त्यामागे माझ्या घरातली गोष्ट आहे. माझ्या वडिलांच्या साठीला आम्ही भावंडांनी त्यांना नाट्यगृहात मैफिलीला नेलं. तिसऱ्या रांगेतली तिकिटं होती. साडेनऊला हॉटेलात बारा जणांचं टेबल सांगून ठेवलं होतं, पाहुणे थेट तिकडेच येणार होते. मध्यंतरानंतर बागेश्री राग सुरू झाला. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल नुकता आकार घेत होता आणि नऊ वाजून गेले. भावाने मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, आम्ही उठलो. वडील एक शब्द बोलले नाहीत. मागच्या दाराशी पोचल्यावर मात्र ते थांबले. पाठ मंचाकडे, हात दाराच्या मुठीवर. तालाचं आवर्तन फिरून पहिल्या मात्रेवर सम आली तेव्हा त्यांनी मान हलवली आणि मगच दार ढकललं. हॉटेलात सगळं छान झालं, केक कापला, फोटो निघाले. पण ती बागेश्री त्यांच्यासाठी त्या दाराशीच राहिली. ती चूक माझी होती, कारण घरात गाणं शिकलेली मी एकटीच होते आणि टेबलाची वेळ मीच ठरवली होती.

म्हणून पहिला नियम: कार्यक्रमानंतर घड्याळाला बांधलेलं काहीही ठेवू नका. औक्षण सकाळी घरी करा, केक दुपारी कापा. रात्रीचं जेवण मांडवातल्या स्टॉलवर होऊन जाईल, तिथे पोटभर मिळतं. त्या रात्री नाशिकला परतायचा विचारही करू नका, मुक्काम पुण्यातच ठेवा. शेवटची गाडी गाठायची असेल तर माणूस शेवटचा अर्धा तास गाणं ऐकत नाही, गाडी ऐकतो.

आता सवाईबद्दल. बाबांच्या आठवणीतलं सवाई आणि आजचं सवाई यांत बराच फरक पडलाय, तो त्यांना आधीच सांगून ठेवा. त्यांच्या वेळी तीन रात्री गाणं चालायचं. मंडळी चादरी, शाली, थर्मास घेऊन यायची आणि उजाडल्यावर घरी जायची. पुढे ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातल्या ठरावीक दिवसांनाच सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. त्यामुळे रात्रीचं सवाई दुपार-संध्याकाळचं झालं आणि चार-पाच दिवसांवर पसरलं. एखाद्या दिवशी, बहुतेक शनिवारी, बारापर्यंत परवानगी असते. जागाही बदलली. 2018 पासून रमणबागेऐवजी मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात मांडव पडतो. भीमसेनजी 2011 च्या जानेवारीत गेले, तेव्हापासून नावही ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव’ झालं.

बाबांना हे सगळं वाचून ठाऊक असेलही. पण वीस वर्षांनी जाणारा माणूस मनात जुनाच मांडव घेऊन जातो. पहाटेच्या गारठ्यात तोडी किंवा ललत ऐकल्याची आठवण त्यांनी सांगितली तर मुलांना नीट समजावा, की तो अनुभव आता तिथे मिळत नाही. सकाळचे राग हवे असतील तर दिवाळी पहाटेचे कार्यक्रम किंवा सकाळच्या मैफिली गाठाव्या लागतात. सवाईत आता जे मिळतं तेही कमी नाही. दुपार कलताना मुलतानी, भीमपलास, मधुवंती; दिवेलागणीला मारवा, पूरिया, श्री; मग यमन; आणि शनिवारची रात्र लाभली तर बागेश्री, मालकंस, दरबारी. रागाची वेळ आणि बाहेरचा उजेड यांचं नातं लहान मुलांनाही चटकन कळतं. मांडवाच्या कडेने आकाश दिसतं. मारवा चालू असताना मुलीला हळूच तिकडे बघायला सांगा. रागाचं नाव सांगितलं नाहीत तरी चालेल.

वाढदिवसाच्या निमित्तानेच जाताय म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. 1946 साली पुण्यात त्यांच्या साठीचा सोहळा झाला. त्यात त्यांचा एक तरुण शिष्य गायला आणि त्या गाण्याने पुणेकर श्रोत्यांचं लक्ष त्याच्याकडे वळलं. तो शिष्य म्हणजे भीमसेन जोशी. सहा वर्षांनी, 1952 मध्ये गुरुजी गेले आणि 1953 पासून शिष्याने त्यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर ही गुरुबंधू-भगिनी तिथे वर्षानुवर्षं गायली. ज्या उत्सवाला तुम्ही बाबांची पंच्याहत्तरी साजरी करायला निघालात, त्याच्या आरंभाशीसुद्धा एक साठी आहे. गाडीत ही गोष्ट मुलांना बाबांनीच सांगू दे.

दिवस कसा निवडायचा? कलाकारांची यादी जाहीर झाली की तुम्ही परस्पर ठरवू नका. यादी बाबांपुढे ठेवा आणि विचारा, ‘यातलं एकच ऐकायला मिळणार असेल तर कोणतं?’ उत्तर यायला एखादा दिवस लागेल. ते फोन करून जुन्या मित्राला विचारतील, मग पुन्हा बदलतील. हे सगळं होऊ द्या, त्यांचा वाढदिवस तिथेच सुरू झालेला असतो. त्यांनी निवडलेल्या कलाकाराच्या आदल्या कलाकाराच्या मध्यावर तुम्ही मांडवात पोचलेले असावेत, इतक्या हिशोबाने निघा. पूर्ण महोत्सवाचं तिकीट घ्यायची गरज नाही, एका दिवसाचं पुरे. वाढदिवस नेमका बुधवारी येत असेल आणि गाणं शनिवारी असेल तर शनिवारीच जा. तारखेपेक्षा गाणं मोठं.

बसायचं कुठे? आईंसाठी खुर्चीच हवी, त्यात दुमत नको. तीन तास मांडी घालून बसल्यावर ऑपरेशन झालेला गुडघा उठू देत नाही. बाबांचं मात्र त्यांना विचारा. जुन्या श्रोत्याला भारतीय बैठकीतच गाणं ऐकल्यासारखं वाटतं, खुर्चीत तो पाहुण्यासारखा बसतो. ते बैठकच हवी म्हणाले तर त्यांच्याबरोबर मुलाला धाडा. आजोबांना उठताना हात द्यायला कुणीतरी हवंच, आणि आई-वडिलांच्या नजरेआड, आजोबांच्या शेजारी बसलेला चौदा वर्षांचा मुलगा वेगळ्या कानांनी ऐकतो, हे मी अनेकदा पाहिलंय. खुर्च्याच घेतल्यात तर बाबांना कडेची द्या, म्हणजे स्वच्छतागृहाला जाताना कुणाला ओलांडावं लागत नाही. सगळ्यांना शाल किंवा स्वेटर, आणि मुलीसाठी एक जाड पांघरूण. मांडवाच्या कडा उघड्या असतात, आठनंतर डिसेंबरचा गारठा थेट पाठीला लागतो.

आता ज्या भागासाठी मी हे उत्तर लिहायला बसले तो भाग. बहुतेक कुटुंबं कलाकार बदलतानाच्या वेळात चहाला जातात आणि गायकाने ‘सा’ लावल्यावर परत येतात. तुम्ही उलट करा. आधीच्या कलाकाराच्या टाळ्या संपताच खाऊन-पिऊन घ्या आणि नवे तानपुरे मंचावर यायच्या आत जागेवर येऊन बसा.

तानपुरा जुळवताना जवळून पाहण्यासारखं खूप असतं. मिरजेत घडवलेला तो मोठा भोपळा मांडीपाशी टेकवून शिष्य एकेक तार छेडतो. पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या म्हणजे ‘सा’च्या, शेवटची खर्जाची म्हणजे खालच्या ‘सा’ची. आधी वरच्या खुंट्या पिळून सूर जवळ आणायचा, मग खाली तारेत ओवलेला मणी केसभर सरकवायचा. त्यानंतर घोडीवर, तारेखाली ठेवलेला दोरा बोटाच्या टोकाने इतका थोडा हलवायचा की लांबून हात हलल्याचंही दिसत नाही. त्या क्षणी तारेचा आवाज बदलतो. आतापर्यंत टणक वाजणारी तार एकदम उमलते, तिच्यातून पोटातले सूर ऐकू यायला लागतात. जवारी लागली, असं आम्ही म्हणतो. मंचावरच्या दिव्यांची ऊब आणि बाहेरचा गारवा यांत तारा एकसारख्या सरकत असतात. जुळलेला तानपुरा पाच मिनिटांत पुन्हा हलतो आणि पुन्हा मिळवावा लागतो. तिकडे तबलजी हातोडीने तबल्याच्या कडा ठोकत फिरतो. गायक डोळे मिटून नुसता ऐकत असतो, एखादाच हातवारा करतो: किंचित वर, किंचित खाली.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीची आठ वर्षांची भाची माझ्या शेजारी बसली होती. तिने विचारलं, ‘ते बिघडलंय का?’ मी म्हटलं, ‘नाही, ते दोन तानपुरे एकमेकांशी बोलायला बसवतायत. बोलायला लागले की तुला कळेल.’ ती गुडघ्यांवर हनुवटी टेकवून बघत राहिली. दोन्ही तानपुरे एक झाले तसं तिने माझा दंड दाबला. मी काहीच सांगितलं नव्हतं. पुढचा तासभर तिला बंदिशीतलं एक अक्षर कळलं नसेल, पण तिचे कान मंचाशी बांधले गेले होते. तुमच्या मुलीला घरी आठवडाभर आधी फोनवर तानपुरा लावून द्या, रोज पाच मिनिटं. त्यावर ‘सा’ म्हणायला सांगा, एवढंच. ओळखीचा आवाज भेटला की मूल अनोळखी जागेत रमतं.

मुलासाठी हिशोब द्या. चौदाव्या वर्षी हिशोब आवडतो. विलंबित ख्याल बहुधा एकतालात असतो, बारा मात्रांचा, पण लय इतकी संथ की एक फेरा पूर्ण व्हायला मिनिटभरही लागू शकतं. त्या फेऱ्यात गायक कुठेही भटकून येतो. शेवटी बंदिशीच्या सुरुवातीचे तेच शब्द घेतो आणि पहिल्या मात्रेवर, समेवर येऊन टेकतो. त्या शब्दांना मुखडा म्हणतात. मुलाला सांगायचं ते एवढंच, की मुखडा ओळख आणि गायक समेवर कधी येतोय ते आधी पकड. पाच-सहा आवर्तनांत ते जमतं. जमलं की त्याची मान आपोआप आजोबांच्या मानेबरोबर हलेल. द्रुत, म्हणजे जलद लयीतली, बंदीश बऱ्याचदा तीनतालात असते. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. सोळा मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला हात उलटा, त्या जागेला ‘काल’ म्हणतात. घरी चार दिवस जेवणाच्या टेबलावर हे वाजवलंत तर मांडवात दोन्ही मुलं मांडीवर हात धरतील. मांडीवर हं, टाळी वाजवून नाही.

सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं नवख्या माणसाला जड जातात, हे मान्य करून बसा. गायक अजून दोन-तीन सुरांतच फिरत असतो, काही घडतच नाही असं वाटतं. त्या वेळी बाबांच्या चेहऱ्याकडे बघा. त्यांना कधी ‘वा’ म्हणावंसं वाटतंय, कुठे डोळे मिटतायत, कुठे हात वर जातोय, ते बघत राहा. गाणं कळायला यापेक्षा सोपी वाट मला माहीत नाही, माझं स्वतःचं शिक्षणही आधी असंच झालं. मुलगी मध्येच झोपली तर झोपू द्या. पांघरूण घाला आणि गाणं ऐका. मांडवात झोपलेल्या मुलांच्या कानात काय काय जाऊन बसतं, ते दहा वर्षांनी शिकवताना कळतं. कुणाला उठायचंच असेल तर विलंबित चालू असताना नको, बंदीश बदलताना उठा. वेफर्सची पिशवी आणि फोनचा उजेड यांनी पुढच्या तीन रांगा विस्कटतात, तेव्हा दोन्ही आधीच बॅगेत.

खास फर्माईश करू का, असं विचारलंत. करू नका. इतक्या मोठ्या महोत्सवात कलाकाराला मोजका वेळ असतो. काय गायचं हे त्याने दिवसाची वेळ, आपला आवाज आणि आधी झालेले राग पाहून ठरवलेलं असतं. मंचावर चिठ्ठी पाठवणं किंवा वाढदिवसाची घोषणा करायला लावणं तिथल्या रीतीला धरून नाही आणि बाबांसारख्या जुन्या श्रोत्याला ते अवघडवून टाकेल. त्यांच्या आवडीचं कुणी समोर बसून गावं असं तुम्हाला खरंच वाटत असेल तर वर्षभरात कधीतरी घरी बैठक करा. वीस-पंचवीस माणसं, एक तरुण गायक किंवा गायिका, तबला, पेटी, ध्वनिक्षेपक नाही. मानधन आधी मोकळेपणाने ठरवा आणि ते पाकिटातून हातात द्या. ‘घरचाच कार्यक्रम आहे’ म्हणून घासाघीस करू नका, त्या पोरांनी आयुष्याची दहा-बारा वर्षं त्यात घातलेली असतात. अशा बैठकीत मात्र बाबांना हवी ती फर्माईश करू दे.

बाबांनी शेवटचा दिवस निवडला तर शेवटपर्यंत थांबा. महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या स्वतःच्या आवाजातल्या भैरवीच्या जुन्या ध्वनिमुद्रणाने होते. मंचावर गायला कुणी नसतं. खरखरीतून तो आवाज येतो आणि हजारो माणसं उभी राहून ऐकतात. तुमच्या बाबांनी तो क्षण पूर्वी अनुभवलेला असणार. त्या वेळी फोन काढून त्यांचं चित्रीकरण करू नका, नुसतं शेजारी उभं राहा.

बाहेर पडल्यावर मुलांना लगेच ‘आवडलं का?’ विचारू नका. रिक्षात शांतता असू द्या. बाबा गुणगुणतील, ती गुणगुण मध्येच तोडू नका.

राहता राहिली त्या दिवसाची दुपार. नाशिकहून सकाळी निघालात तर हातात दोन तास मोकळे असतील. मॉलमध्ये किंवा हॉटेलच्या खोलीत घालवू नका. बाबांना घेऊन रमणबागेपाशी जा, शनिवारवाड्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. शाळेचं फाटक बंद असेल, रस्त्यावर दुचाक्यांची गर्दी असेल, तरी पाच मिनिटं तिथे उभे राहा. आणि मुलीला आधीच शिकवून ठेवा, तिने विचारायचं: ‘आजोबा, तुम्ही कुठे बसायचात?’ ते बोट दाखवतील. मग मांडव कुठवर होता, थर्मासमधली कॉफी कुणाकुणात वाटली जायची, पहाटे कोण गात होतं, हे सगळं येईल. तुम्ही मध्ये बोलू नका. निघायला उशीर होतोय असं वाटलं तरी दहा मिनिटं थांबा, आधीच्या कलाकाराचं थोडं चुकलं तर चालेल.